माझ्या हातून तडकलेली गौराई

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेली अहिराणी वाक्यं तशीच ठेवली आहेत, अर्थ पुढे सांगितलाच आहे.)

इयरफोन लावले असतील, कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासताना ऐकत असाल. आज मला तुम्हाला एका लाकडी देवीची गोष्ट सांगायची आहे. ती बनते कशी, टिकते कशी, आणि मी तिची वाट कशी लावली, हे सगळं. शेवटचं सांगायला जरा लाज वाटते, पण तिथूनच सुरुवात केल्याशिवाय बाकीचं नीट कळणार नाही.

मी मूळची नरडाण्याची. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. मुंबई-आग्रा हायवेने धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की सोनगीर लागतं, ते तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, आणि त्याच्या पुढे आमचं नरडाणा. सुरत-भुसावळ लाईनवरचं स्टेशन आहे, एमआयडीसी आहे. नोकरीसाठी मी पुण्यात राहते. चार वर्षं आखाजीला घरी गेले नव्हते. यंदा गेले.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्या-मुंबईत त्या दिवशी लोक सोनं घेतात. आमच्या खान्देशात तो लेकीबाळींचा सण आहे. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, फुगड्या, टिपऱ्या, गाणी चालतात. पितरांसाठी घागर भरतात. पुरणपोळी आणि आमरस असतो. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. बहिणाबाईंची ‘आखजी’ नावाची कविताच आहे. आणि या सणाची पाहुणी म्हणजे गौराई. पार्वती. तीपण माहेरीच आलेली असते.

देशावर चैत्रगौर बसवतात, माहीत असेल तुम्हाला. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर. पण तिकडे बहुतेक पितळेची अन्नपूर्णा झोपाळ्यात बसवतात. आमच्याकडे बऱ्याच घरांत गौराई लाकडाची असते. सुताराने कोरलेली, रंगवलेली, वीतभर ते हातभर उंचीची. तिच्यापुढे टोपलीत गहू पेरतात. सांजोऱ्यांचा हार घालतात, भुईमुगाच्या शेंगांचा हार घालतात. आमच्या घरी शेवटी नदीवर जातात ते गव्हाचे अंकुर. गौराई परत घरी येते, कापडात गुंडाळून वर्षभर माळ्यावर राहते, आणि पुढच्या चैत्रात खाली उतरते.

मी केलं काय

तर यंदा आखाजीच्या आठ-नऊ दिवस आधी मी पोचले. आईने टोपलीत गहू पेरले होते. म्हणाली, “माळ्यावरून गौराई काढ गं. यंदा फुई येणार आहे.”

फुई म्हणजे आत्या. वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, त्यामुळे बरीच वर्षं तिचं येणं झालं नव्हतं. आणि ही गौराई मुळात तिचीच. ती सात-आठ वर्षांची असताना माझ्या आजोबांनी गावातल्या सुताराकडून करून घेतलेली. तेव्हा पैशाचा व्यवहार कमी, सुताराला सुगीत ज्वारी जायची. त्याच ज्वारीच्या हिशेबात ही गौराई आली, असं घरात सांगतात.

मी माळ्यावर चढले. गौराई होती प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती पिशवी मीच चार वर्षांपूर्वी घातली होती, धूळ लागू नये म्हणून. आणि वरची पाण्याची टाकी कधीतरी ओसंडली होती, पाणी भिंतीतून झिरपून माळ्यावर आलं होतं. पिशवीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. गौराई ओलीगच्च होती. रंगाचे पोपडे सुटले होते, पाठीकडे बुरशीचा पांढरा थर.

मी काय केलं असेल? जे कुणीही करेल ते. गच्चीवर नेऊन उन्हात ठेवली.

आता खान्देशातलं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री म्हणजे तिकडे नेहमीचं. गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही. सकाळी दहाला ठेवली आणि जेवून, झोपून चारला वर गेले. कपाळापासून नाकाच्या बाजूने थेट छातीपर्यंत चीर गेली होती. आत नख जाईल एवढी.

माझ्या पोटात गोळा आला. पहिला विचार काय आला सांगू? कुंकू लावून झाकता येईल का! खरंच लावून बघितलं. मग दुकानातून चिकटवायचं काहीतरी आणून चीर भरायचं ठरवलं. तेवढ्यात आई वर आली. तिने बघितलं. बोलली काहीच नाही. वाळलेले पापड गोळा केले आणि खाली गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आबांच्या शेडमध्ये

गावात एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. आता काम बहुतेक दारं-खिडक्यांचं, तेही कमी झालंय, कारण लोक ॲल्युमिनियमच्या सेक्शनच्या खिडक्या बसवतात आणि आतलं फर्निचर प्लायचं करतात. पण आखाजीच्या आधी कुणी सांगितलं तर एखाद-दुसरी गौराई करतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी गौराई हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, “हाई काय करी टाकं, बेटा? उनमा ठेवी व्हती का हिले?”

उन्हात ठेवली होतीस का हिला. बघताक्षणी ओळखलं. मी मान हलवली. मग म्हणाले, “लाकूड जित्तं ऱ्हास, बेटा. पावसायामा पानी पेस, उन्हायामा सोडस.”

लाकूड जिवंत असतं. पावसाळ्यात पाणी पितं, उन्हाळ्यात सोडतं. मला वाटलं म्हातारी माणसं बोलतात तसं काहीतरी आहे. पण हे शंभर टक्के शास्त्र आहे. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक नळ्यांची जुडी समजा. झाड उभं असताना त्यातून पाणी वर जायचं. झाड तोडून वर्षं झाली तरी त्या नळ्यांच्या भिंती हवेतला ओलावा घेतात तेव्हा फुगतात, सोडतात तेव्हा आकसतात. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच. आडव्या बाजूला मात्र असतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. ओंडक्याचं गोल तोंड डोळ्यांसमोर आणा. त्यात जी वर्तुळं दिसतात, त्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. आता हा हिशेब एका गोल ओंडक्यात जुळणार कसा? नाही जुळत. म्हणून ओंडका सालीकडून गाभ्याकडे तडकतो. सावकाश वाळला तर ताण हळूहळू निघून जातो. मी केलं तसं केलं तर बाहेरचा थर सहा तासांत वाळून आकसतो, आतलं लाकूड अजून ओलंच असतं, आणि बाहेरचा थर फाटतो.

म्हणजे माझी गौराई चुकीच्या जागी नाही, बरोबर जिथे तडकायला हवी तिथेच तडकली होती.

मी विचारलं, “आबा, आज भरून द्याल का? घरी बसवायची आहे.” ते म्हणाले, आज भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगेल, भरलेल्याला जागा पुरणार नाही, आणि मग ती चीर भरलेल्याच्या बाजूने आणखी फाटेल. आधी हिला चार दिवस सावलीत बसू दे. गोणपाटात गुंडाळून त्यांनी तिला शेडच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं, माठाच्या जवळ, जिथे ऊन आणि वारा दोन्ही थेट लागत नाही.

म्हणजे घरी टोपलीतले गहू उगवायला लागले होते आणि समोरचा पाट रिकामा. आईने त्या रिकाम्या पाटालाच हळदकुंकू लावलं.

नवी गौराई बनताना

ते चार दिवस मी रोज आबांच्या शेडमध्ये जाऊन बसले. घरी आईसमोर बसण्यापेक्षा बरं. आणि त्यांच्या हातात तेव्हा एका घरची नवी गौराई होती, त्यामुळे ती पहिल्यापासून बनताना बघायला मिळाली.

पहिली गोष्ट लाकूड. आबा नवं लाकूड वापरत नाहीत. आमच्याकडची जुनी धाब्याची घरं आता पडतायत, तिथे स्लॅब येतोय. त्या घरांच्या सागवानी तुळया निघतात. त्या लाकडाने घराच्या छपरात कित्येक पावसाळे आणि उन्हाळे काढलेले असतात. जे काही आकसायचं, वाकायचं, तडकायचं, ते आधीच होऊन गेलेलं असतं. त्यातला चांगला तुकडा ते बाजूला ठेवतात. सागात तेल असतं म्हणून वाळवी सहसा लागत नाही. निंबही चालतो, तो कडू असल्यामुळे कीड लांब राहते. पण गाभ्यासकट गोल फांदी घ्यायची नाही. गाभा बाजूला ठेवून चिरलेला तुकडाच घ्यायचा.

मग तुकडा रंध्याने चारही बाजूंनी सरळ करतात. पुढच्या बाजूला मधोमध पेन्सिलीने उभी रेघ. ही रेघ म्हणजे गौराईचं नाक, हनुवटी, बेंबी. ती शेवटपर्यंत जपायची, पुसली गेली की परत मारायची. मग आडव्या रेघा, डोकं इथपर्यंत, गळा इथे, कंबर इथे, बाकी सगळा घोळदार घागरा.

यानंतर मला वाटलं आता पटाशी घेतील. नाही. आधी करवत. गळ्याच्या रेघेवर आणि कमरेच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी करवतीने खाचा पाडल्या. का? तर लाकडात उभा धागा असतो. खांद्यापासून वर पटाशी मारली आणि ती धाग्याबरोबर पळाली तर गालापर्यंत ढलपी उडते. आडवी खाच आधीच असली की ढलपी तिथे येऊन थांबते. मोबाईलवर व्हिडिओ बघून लाकूड कोरायला बसणारे बहुतेक इथेच फसत असतील.

मग वाकसाने मोठी तास. वाकस म्हणजे कुदळीसारखं आडवं पातं असलेलं हत्यार. आबा बसून, तुकडा दोन पायांत धरून, स्वतःकडे ओढून मारतात. मला बघवत नव्हतं! त्यानंतर पटाशी आणि मोगरी. गळा बारीक होतो, खांदे गोल होतात, घागरा खाली पसरतो. तो पसरट घागरा दिसायला छान म्हणून नाही, बूड जड असलं की मूर्ती पाटावर पडत नाही म्हणून.

हात? हात अंगाला चिकटलेले. पोटावर नुसते उठाव. मी विचारलं की हात वेगळे का नाही कोरत. आबांनी एक आडवी काडी घेतली, लाकडाची, धागा आखूड होता, आणि दोन बोटांनी कट्कन मोडली. आडव्या दिशेला धागा धरून ठेवणारं काही नसतं. बाहेर काढलेला हात पहिल्याच आखाजीला कुणाच्या तरी फुगडीत मोडणार. मला वणीची सप्तशृंगी आठवली. ती डोंगराच्या कातळात कोरलेली, तिला अठरा हात. कातळाला ते जमतं. आमची कानबाई तर नारळाची, तिला हातही नाहीत नि पायही नाहीत. देवी कशी दिसणार हे अर्धं भक्त ठरवतो आणि अर्धं ती ज्या वस्तूची बनते ती वस्तू ठरवते, असं मला तिथे बसून पटलं.

सगळ्यात शेवटी चेहरा. नाक सगळ्यात धोक्याचं, कारण तेवढंच पुढे येतं. म्हणून आधी नाक ठेवून बाकीचा चेहरा मागे नेतात. आबा नाकाला हत्यार लावताना बोलणं बंद करतात. डोळे मात्र कोरतच नाहीत. तिथे नुसता सपाट उतार ठेवतात. डोळे रंगात येतात.

रंगाआधी कानस, पॉलिश पेपर, आणि मग लेप. आबांचे वडील चिंचोक्याची खळ करायचे. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे, त्यात खडूची पूड घालायची आणि तो लेप मूर्तीवर द्यायचा. लाकडाची भोकं बुजतात, रंग आत शोषला जात नाही, उठून दिसतो. चिंचोक्याची खळ सावंतवाडीच्या लाकडी कामातही आहे आणि आंध्रातल्या कोंडापल्लीच्या बाहुल्यांतही. आता आबा डब्यातला सफेदा वापरतात. मग अंगाला पिवळा, साडीला लाल किंवा हिरवा, काठाला सोनेरी, आणि काळ्या रंगाने भुवया. डोळ्यांतली बुबुळं सगळ्यात शेवटी. ती काढल्यावर आबा मूर्ती लगेच दुसऱ्याच्या हातात देतात, आपल्याकडे ठेवत नाहीत. का ते मी विचारलं नाही.

बाकीचे लोक काय करतात

रात्री झोप येईना. मग मोबाईलवर वाचत बसले की लाकडी देव असलेले बाकीचे लोक काय करतात. लाकूड तर सगळीकडे तडकतंच ना?

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, वनसंप्रवेश नावाचा एक अख्खा अध्याय आहे. मूर्तीसाठी झाड आणायला जंगलात कसं जायचं, एवढाच विषय. कुठली झाडं नकोत याची यादी आहे. स्मशानातलं नको, वाटेवरचं नको, वारुळावरचं नको, वीज पडलेलं, वाळलेलं, आगीत होरपळलेलं, वेलींनी आवळलेलं, मधाचं पोळं असलेलं नको. थोडं थांबून बघितलं तर यातल्या कितीतरी गोष्टी सुताराच्याच आहेत. वेलीने आवळलेल्या झाडाचा धागा पिळलेला असणार, वीज पडलेलं आतून फुटलेलं असणार. पुढे आणखी छान आहे. तोडायच्या आदल्या रात्री झाडाची पूजा करायची आणि त्यावर जे कोणी राहत असतील त्यांना विनंती करायची की बाबांनो, दुसरीकडे राहायला जा. सकाळी कुऱ्हाडीला मध आणि तूप लावायचं. आणि तोडण्याआधी झाडावर दिशांच्या खुणा करायच्या, कारण मूर्तीचा वरचा भाग झाडाचा वरचाच भाग हवा, आणि दिशाही त्याच हव्यात.

मी सकाळी आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, ते तर आहेच, उलटं लाकूड कोण लावेल. दाराची चौकट करतानासुद्धा ते बुंध्याकडची बाजू खालीच ठेवतात.

दुसरं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. पुरीचं जगन्नाथ मंदिर. तिथली सुभद्रा लाकडाची आहे, निंबाच्या. आणि तिला हात दिसतच नाहीत! तिथे दर ज्येष्ठ पौर्णिमेला देवांना 108 घागरींनी आंघोळ घालतात. रंगवलेल्या लाकडावर एवढं पाणी म्हटल्यावर रंग जाणारच. मग देव आजारी पडले असं मानून पंधरा दिवस दर्शन बंद, आणि त्या काळात त्यांना नव्याने रंग चढतो. शिवाय ज्या वर्षी आषाढ अधिक महिना येतो, त्या वर्षी नवकलेवर होतं. सगळ्या मूर्तीच नव्या लाकडाच्या घडवतात आणि जुन्या मंदिराच्या आवारात पुरतात. 1996 मध्ये झालं, त्यानंतर 2015 मध्ये. गंमत म्हणजे तिथे झाड शोधताना जवळ वारूळ हवं, स्मशान किंवा नदी हवी, अशा खुणा बघतात. बृहत्संहितेच्या बरोबर उलट. पण वीज पडलेलं झाड तिथेही चालत नाही.

तिसरं उदाहरण जपानचं. आपली लक्ष्मी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेली आणि तिथे किचिजोतेन झाली. क्योतो प्रांतात जोरुरीजी नावाचं देऊळ आहे, तिथे तिची लाकडी मूर्ती आहे, 1212 सालची. आठशे वर्षं झाली आणि तिच्या साडीचे, म्हणजे तिकडच्या झग्याचे, लाल-हिरवे रंग अजून दिसतात. कारण ती लाकडी कपाटासारख्या देव्हाऱ्यात बंद असते आणि वर्षातून ठरावीक दिवसच दारं उघडतात. ऊन नाही, ओल नाही, धूर नाही.

म्हणजे बघा. जपानमध्ये देवीला जपून बंद ठेवतात. पुरीत देवाचं शरीरच बदलतात. आणि आमच्याकडे दरवर्षी खाली उतरवतात, पुसतात, कुठे रंग गेला असेल तर उजळवून आणतात. या तिसऱ्या पद्धतीत एकच अट आहे, दरवर्षी कुणीतरी माळ्यावर चढायला हवं. आमच्याकडे चार वर्षं कुणी चढलं नव्हतं. आईचा गुडघा चढू देत नाही, आणि चढणारी मी पुण्यात. प्लॅस्टिकची पिशवी, टाकीचं पाणी, गच्चीवरचं ऊन, हे सगळं खरं. पण चार वर्षांतल्या कुठल्याही एका चैत्रात तिला खाली काढली असती तर ओल तेव्हाच दिसली असती.

पाचर

पाचव्या दिवशी आबांनी गोणपाट सोडलं. चीर थोडी मिटली होती. आतलं-बाहेरचं लाकूड आता सारखं झालं होतं, असं ते म्हणाले. त्यांनी जुन्या सागाचीच एक लांब, पातळ पाचर तासली, धागा उभा धरून. चिरेत ती अलगद बसवली. आणि सरस... म्हणजे आता फेविकॉलच, तो पाचरीच्या एकाच बाजूला लावला. दुसरी बाजू नुसती टेकलेली. मी म्हटलं, “आबा, एक बाजू राहिली.” ते म्हणाले, राहिली नाही, ठेवली. लाकूड हलणार, त्याला हलायला जागा हवी. दोन्हीकडून चिकटवलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते नव्या जागी फाटेल.

कपाळावर चीर इतकी बारीक होती की तिथे पाचर जाईना. तिथे त्यांनी काहीच केलं नाही. सफेदा दिला, रंग दिला, तरी बारीक रेघ दिसते. ती दिसणारच म्हणाले.

पाठ घासताना कमरेजवळ एक काळा डाग होता, रुपयाएवढा, खोल. मी म्हटलं, हापण काढून टाका ना. आबांनी अंगठा फिरवला. म्हणाले, जळलेलं आहे, लाकडाला त्याने काही होत नाही, काढायला गेलो तर खड्डा पडेल. पाठ तर भिंतीकडेच असते. राहू दे. राहू दिला.

बुबुळं काढली आणि गौराई माझ्या हातात दिली. पैसे विचारले तर नव्या गौराईच्या निम्मेसुद्धा घेतले नाहीत. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला पदरात... पदर कुठला, ओढणीत घेऊन घरी आले. गहू तोवर बोटभर वाढले होते, पिवळे-हिरवे. आईने पाटावर तिला बसवली, सांजोऱ्यांचा हार घातला. कपाळावरच्या रेघेवर बोट फिरवलं आणि त्यावरच कुंकू लावलं. मी लावलं होतं तेव्हा झाकायला लावलं होतं. आईने देवीला लावतात तसं लावलं.

सकाळी फुई आली. पोराने रिक्षातून उतरवली, पाणी प्यायली, आणि थेट गौराईपुढे जाऊन बसली. मी रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. फुई, माझ्याकडून असं असं झालं. तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हार बाजूला केला, गौराई उचलली आणि उलटी केली. चेहरा बघितलाच नाही. पाठ बघितली. कमरेजवळचा काळा डाग सापडला तशी हसायला लागली.

“हाई मी जायेल शे,” म्हणाली. हे मी जाळलंय.

लहानपणी रात्री सगळे झोपल्यावर ती एकटीच दिवा घेऊन गौराईशी खेळायला बसली होती. दिवा कलंडला. तिने घाबरून गौराईची पाठ भिंतीला टेकवली आणि तेव्हापासून कुणालाही कळू दिलं नाही. “मनी माय गई, पन मी तिले कधी सांगं नही.” माझी आई गेली, पण मी तिला कधी सांगितलं नाही. साठ-पासष्ट वर्षं!

मग मी सांगितलं. गच्ची, ऊन, चीर, सगळं. फुईने कपाळावरची रेघ बघितली, आईकडे बघितलं, आणि दोघी हसल्या. आईपण. आठ दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी निंबाला झोका बांधला. फुई बसली नाही, गुडघे. पण गाणी तिनेच म्हटली, आम्हाला कुणाला पाठ नव्हती. ती मी मोबाईलमध्ये रेकॉर्ड केली आहेत. आखाजी झाल्यावर गव्हाचे अंकुर नदीवर सोडून आलो आणि गौराई परत गुंडाळली. यावेळी जुन्या सुती लुगड्यात, हवा जाईल अशी, आणि माळ्यावर नाही, आईच्या लाकडी कपाटात. आईच्या हाताला येईल अशा उंचीवर.

तर मंडळी, तुमच्या घरी अशी एखादी लाकडी मूर्ती असेल, गौराई, मुखवटा, देव्हारा, काहीही, तर या आठवड्यात एकदा काढून बघा. प्लॅस्टिकमध्ये असेल तर आधी सुती कापडात घ्या. ओली असेल तर उन्हात नको, सावलीत ठेवा, घाई नको. तडा गेला असेल तर चिकटवायचं काही भरू नका, एखाद्या जुन्या सुताराला दाखवा. आणि ती कुणी आणली, कुणी केली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाठीवरचे डागसुद्धा विचारा.

काय सापडलं ते आम्हाला व्हॉईस नोट करून पाठवा. अहिराणीत पाठवलंत तर जास्तच आवडेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.